दातांना तारा लागल्यावर घरचं जेवण कसं जेवावं

लेकीच्या दातांना तारा लागल्या तेव्हा ती आठवीत होती. पहिल्या तीन आठवड्यांत तिचं वजन दीड किलोनं उतरलं. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर खाण्याबद्दल एकच ओळ होती: कडक, चिकट, कुरकुरीत खाऊ नये. आमच्या सांगलीच्या घरात त्या एका ओळीनं अर्धं स्वयंपाकघर बंद पडलं. भाकरी, भडंग, शेंगदाणे, बेदाणे, ऊस, पेरू, कणीस, सगळं बाद. उरलं दूध-बिस्कीट आणि वरण-भात. वरण-भाताचा तिला चार दिवसांत कंटाळा आला आणि पोर दूध-बिस्किटांवर राहिली. पुढच्या तपासणीला गेलो तर वरच्या हिरड्या सुजून लाल झालेल्या. बिस्किटाचा लगदा ब्रॅकेटांभोवती, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या दातांवरच्या छोट्या तुकड्यांभोवती, तासन्‌तास बसून राहत होता.

मऊ म्हणजे दातांना चांगलं, हा माझा समज तिथं मोडला. बिस्कीट, केक, जॅम-पाव हे मऊ आहेत, पण तारांना चिकटून राहतात आणि अंगी काही लागू देत नाहीत. भाकरी कडक वाटते, पण ती आमटीत कुस्करली की तारांना काही त्रास नाही आणि पोटही भरतं. पुढची पावणेदोन वर्षं मी मोजकेच कडक-चिकट पदार्थ पूर्ण बंद ठेवले, बाकी एकही नाही. चिरणं, भिजवणं, किसणं, जास्त शिजवणं यांवरच काम भागलं. ते कसं, हे इथं क्रमानं सांगते.

आधी दातांत काय चाललंय ते समजून घ्या

ब्रॅकेट दातावर चिकटवलेलं असतं. उपचार संपल्यावर दाताचं वरचं कवच न दुखावता ते काढता आलं पाहिजे, म्हणून ही पकड मुद्दाम बेताची ठेवलेली असते. रोजचं चावणं ती सोसते, पण बाजूनं उचकटणारा जोर तिला सोसत नाही. पेरूचा लचका तोडताना, ऊस सोलताना, चिक्की मोडताना आपण नेमका तोच जोर लावतो. ब्रॅकेट निघालं की तारेचा जोर त्या दाताला पोचत नाही. बाकीचे दात सरकत राहतात, तो मागे राहतो आणि उपचार लांबतो.

दुखण्याचंही कारण आहे. तारेच्या हलक्या पण सततच्या जोरानं दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरत जातं. या कामात मुळाभोवतीचा भाग हुळहुळा होतो. तार लावल्यावर किंवा टाइट केल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त असतो आणि आठवड्याभरात ओसरतो. हे ठाऊक असलं की 'आता दोन वर्षं असंच दुखणार' ही मुलांची भीती जाते. माझ्या लेकीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती तिसऱ्या दिवशी रडत म्हणाली होती, "आई, काढून टाकूया."

तिसरी गोष्ट साखरेची. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू (pH, आम्लपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातली खनिजं निघायला लागतात. गोड काही खाल्लं की ही अवस्था वीसेक मिनिटं किंवा जास्तच टिकते. म्हणून किती गोड खाल्लं याहून दिवसातून किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. तारा काढल्यावर काही मुलांच्या दातांवर ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरे खडूसारखे डाग दिसतात, ते याच आम्लाचे.

तारा लागायच्या आधीचा आठवडा

दात किडलेले असतील तर भरून घ्या आणि दातांची सफाई करून घ्या. पुष्कळदा तारांच्या आधी मागच्या दाढांच्या मध्ये छोटी रबरं घालतात, पुढे दाढेवर कडं बसवायला जागा व्हावी म्हणून. मांसाचा धागा अडकल्यासारखं वाटतं ते. तिथं काडी घालू नका आणि चिकट काही खाऊ नका, रबर निघून येतं.

स्वयंपाकघरात एक दिवस काढा आणि तीन गोष्टी करून ठेवा. ज्वारी भरडून कण्या करा. दाण्याचं कूट नेहमीपेक्षा बारीक करा. किसणी चांगली नसेल तर नवी आणा, पुढची दोन वर्षं ती रोज लागणार आहे. औषधाच्या दुकानातून तारांसाठीचं मेण आणि दातांच्या फटींत जाणारा छोटा ब्रश आणा.

रबरांचा रंगही आधीच ठरवा. ब्रॅकेटवर तार धरून ठेवायला बारीक रबरी कडी असतात. पारदर्शक किंवा पांढरी घेतलीत तर आपल्या जेवणातल्या हळदीनं दोन दिवसांत पिवळी पडतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती पिढ्यान्‌पिढ्या साठवली गेली. त्या गावच्या माणसांनी आमटीतून हळद काढून टाकावी हे मला पटत नाही. करडी, गडद निळी, हिरवी अशी रबरं मागा. पारदर्शकच हवी असतील तर बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांनी होणाऱ्या प्रत्येक भेटीत ती बदलतात. तेव्हा भरपूर हळदीची भाजी, कढी, मिसळ भेटीच्या आदल्या दोन दिवसांत उरकून घ्या. धातूच्या ब्रॅकेटला हळदीचा डाग बसत नाही.

पहिले तीन दिवस

या दिवसांत चावायचंच नाही असं धरून चाला, पण उपाशी मात्र ठेवू नका. तारा लागल्या त्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी पोटभर जेवू घाला. ठणका सुरू व्हायला काही तास असतात, तेवढ्यात संध्याकाळचंही थोडं लवकर जेवण होतं.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं ते उडदाचं घुटं. उडदाची डाळ मऊ शिजवायची, रवीनं घोटायची, वर लसूण, आलं, जिरं आणि अगदी थोडी हिरवी मिरची वाटून घातलेली फोडणी. आम्ही त्यात हळद घालत नाही, त्यामुळे रबरांचाही प्रश्न नाही. गुरगुट्या भातावर तूप आणि घुटं घेतलं की चावायला काही लागत नाही. हुलग्याचं माडगंही चांगलं. ताकातल्या ज्वारीच्या कण्या सासूबाईंनी सुचवल्या. कण्या रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवायच्या, गार झाल्यावर ताक आणि मीठ. लेक त्यांना नाकं मुरडायची, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितल्या.

ताक गार दिलं तर आणखी बरं. सुरुवातीला बसवतात त्या तारांपैकी पुष्कळ तारा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. तोंडाच्या उष्णतेत त्यांचा जोर वाढतो, गार झाल्या की सैलावतात. म्हणून ठणकत असताना गार पाण्याचा घोट तोंडात धरला की थोडा वेळ आराम पडतो आणि कढत चहानं उलट होतं. बर्फ मात्र चावायचा नाही.

मऊ खाण्याच्या नादात प्रथिनं कमी पडतात, तिथं मी चुकले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलींसाठी दिवसाला साधारण ४३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या कपभर दुधात सहा-सात, मूठभर कोरड्या डाळीत सहा-सात. दिवसभरात दोनदा डाळ, दोन अंडी, दोन कप दूध किंवा दही, वर थोडं पनीर किंवा दाण्याचं कूट, एवढं पोटात गेलं तर भात-भाकरीसकट आकडा गाठता येतो. अंडं न खाणाऱ्यांनी घुटं, मुगाचं धिरडं आणि दही वाढवावं. मांसाहारी घरात खिमा करा, किंवा मटण कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊन हाडावरून सोडवून वाढा. नळी चोखायची नाही.

गालाला आणि ओठाला आतून ब्रॅकेट घासून फोड येतात. त्या दिवसांत ठेचा, खर्डा, लिंबू, चिंचेचा सार नको. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा आणि घासणाऱ्या ब्रॅकेटवर मेणाची गोळी दाबून बसवा. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या, कारण काही वेदनाशामक गोळ्यांनी दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो.

चौथ्या दिवसापासून: पुढच्या दातांना सुट्टी

आता चावायला पुन्हा शिकायचं. नियम एकच: पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही. जे तोंडात जाईल ते आधी हातानं किंवा सुरीनं घासाएवढं करून, थेट दाढांवर ठेवून, सावकाश, दोन्ही बाजूंनी चावायचं. एकाच बाजूनं चावायची सवय लागली की त्या बाजूची ब्रॅकेट वारंवार निघतात.

हे मुलांना सांगून होत नाही, ताटात तसंच वाढावं लागतं. मी वर्षभर तिच्या ताटात अख्खं फळ ठेवलं नाही. सफरचंद पातळ फोडी करून, पेरू बियांचा गर काढून अगदी पातळ कापून, गाजर किसून, काकडी चोचवून. आंबा फोडी करून किंवा रस काढून. कोय चोखताना धागे तारांत गुंततात आणि ते काढायला अर्धा तास जातो. सीताफळाचा गर चाळणीवर घासून बिया काढून टाकल्या. द्राक्षं मात्र जशीच्या तशी चालतात, घासाला एक.

भाकरी खाण्याची रीत अशी. तव्यावरून उतरल्या उतरल्या मऊ भाकरी घ्यायची, कडेचा वाळलेला भाग काढून टाकायचा, उरलेली आमटीत, दुधात किंवा रश्श्यात कुस्करून पाच मिनिटं मुरू द्यायची. सकाळची भाकरी संध्याकाळी कडक होते, ती कोरडी देऊ नका, तिचा काला करा. पिठलं आणि ताजी भाकरी हे तारांच्या मुलांचं उत्तम जेवण आहे. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीतही तसंच: वांगं भाजून कुस्करलेलं, दही घातलेलं, चावायला जवळजवळ काही नाही. कच्चा कांदा बारीक चिरून थोडा चालतो. थालीपीठ तव्यावर कुरकुरीत करू नका, झाकण ठेवून मऊ वाफवा आणि वर लोणी घाला.

भडंग, बेदाणे, ऊस

इथं सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

भडंग पूर्ण बंद ठेवा असं मी म्हणते. त्यातले चुरमुरे तसे हलके, पण भाजलेले शेंगदाणे आणि तळलेला लसूण ब्रॅकेटला उचकटायला पुरेसे कडक असतात. चुरमुऱ्याचा पातळ पापुद्रा हिरडीखाली शिरला तर दोन दिवस टोचत राहतो. त्याऐवजी सुशीला करा. चुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळायचे, कांदा, मोहरी, कढीपत्ता, मिरचीची फोडणी, अख्ख्या दाण्यांऐवजी कूट. चव अगदी भडंगाची नसते, पण तिखट-मीठ आणि चुरमुऱ्याची हौस भागते. दाण्याची चटणी दह्यात कालवून द्या, कोरडी नको.

बेदाण्यांचं दुखणं वेगळं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये मानांकन मिळालं आणि तासगावकडच्या पाहुण्यांच्या पिशवीत तो नेहमी असतो. तो ब्रॅकेट मोडत नाही, तो तारेमागे चिकटतो आणि तिथं साखर धरून ठेवतो. शाळेत खिशातून एकेक बेदाणा दिवसभर खाणं ही तारांच्या मुलासाठी फार वाईट सवय आहे. रात्री कोमट पाण्यात भिजवा, फुगले की बारीक वाटून शिऱ्यात किंवा खिरीत घाला आणि जेवणाबरोबरच खाऊ द्या. खजूर आणि अंजिराचंही असंच.

ऊस दातानं सोलून खायचा नाही, यावर तडजोड नाही. गंडेरीही नको, चोथ्याचे धागे तारेत अडकतात. रस चालेल, पण बर्फाचे तुकडे काढून, एका बैठकीत प्यायचा आणि वर लगेच खळखळून चूळ भरायची. घोट घोट करत तासभर पिऊ नये.

कणीस भाजलेलं नको. उकडून दाणे सुरीनं काढून द्या. हुरडा कोवळा असला तर थोडा खाता येतो, पण दाणे फटींत जातात, शेतातही ब्रश बरोबर असू द्या. चिक्की, डिंकाचा लाडू, च्युइंगम आणि टॉफी तारा निघेपर्यंत नाहीत. फुटाणे आणि खारे दाणे यांचंही तेच.

शाळेचा डबा

डब्यात घरच्यासारखी कुस्करून, भिजवून खायची सोय नसते आणि मैत्रिणींसमोर वेगळं खायची लाजही वाटते. म्हणून डबा इतरांसारखाच दिसावा असं मी बघितलं. तेल लावून मऊ केलेल्या पोळीचे छोटे रोल, आत बटाटा किंवा पनीर. इडली आणि दह्यातली चटणी. मऊ उपमा. मेथीचे ठेपले अर्धे कापून. अंड्याची भुर्जी आणि पोळी. पालेभाजी असेल तर अगदी बारीक चिरा, लांब देठ तारेला दोऱ्यासारखं गुंडाळतं. डब्यात फक्त गोड पदार्थ देऊ नका, कारण शाळेत ब्रश होत नाही.

डब्याबरोबर पाण्याची बाटली आणि एक छोटा आरसा द्या. जेवण झालं की नळावर जाऊन तीन-चार वेळा जोरात चूळ भरायची आणि आरशात बघायचं. पहिल्या महिन्यात माझी लेक विसरायची. दातांत मेथी घेऊन ती तीन तास वर्गात बसली त्या दिवसापासून विसरली नाही.

सणाचे दिवस

गणपतीत उकडीचे मोदक, तळणीचे नकोत. पुरणपोळी उत्तम, कटाच्या आमटीत बुडवून. गुळपोळीतला गूळ गार झाला की कडक होतो, ती गरम असताना तुपाबरोबरच. संक्रांतीला मऊ तिळगुळाचा लाडू हातानं फोडून, वडी आणि हलवा नाही. दिवाळीत बेसनाचा आणि रव्याचा लाडू चालतो. चकली, कडबोळी, शंकरपाळी नको. चिवडा पातळ पोह्यांचा, दाणे आणि खोबऱ्याचे काप वगळून केला तर वाटीभर द्या, दह्यात कालवून.

लग्नाच्या पंगतीत पापड आणि जिलेबी पुढं आली की मुलाची कुचंबणा होते. आजी-मावशी आग्रह करतात. मुलाला सगळ्यांसमोर 'नको' म्हणायला लावू नका, आधीच वाढणाऱ्याला सांगून ठेवा.

स्वच्छता, तीही जेवणाचाच भाग

दिवसातून निदान दोनदा फ्लोराइडच्या पेस्टनं, प्रत्येक दाताला वेळ देऊन घासा. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून तिरका, मग खालून तिरका, मग सरळ. तारेखालून छोटा ब्रश फिरवा. दुपारी जमलं तर तिसऱ्यांदा. लिंबू, संत्रं, सरबत असं आंबट काही झालं असेल तर आधी फक्त चूळ भरा आणि अर्ध्या तासानं घासा, कारण आम्लानं कवच तात्पुरतं मऊ झालेलं असतं. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याखेरीज काही नाही. झोपताना हळद-दूध द्यायची पद्धत आमच्याकडेही आहे, ते आम्ही ब्रशच्या आधी द्यायला लागलो आणि त्यातली साखर बंद केली.

ब्रॅकेट निघालं किंवा तार टोचली तर

ब्रॅकेट निघून तारेवर सरकत असेल तर ओढू नका. पूर्ण सुटलं असेल तर डबीत घालून ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. पुढच्या तारखेची वाट बघत महिना घालवू नका. मागचं टोक गालात टोचत असेल तर पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ खोडरबरानं हळूच आत वळवा, नाही वळलं तर मेण लावा. तार घरी कापू नका, तुकडा घशात जाण्याचा धोका असतो. ब्रॅकेट जेवताना गिळलं गेलं तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातं, तरी डॉक्टरांना कळवा. गिळल्यानंतर खोकला थांबत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र थेट रुग्णालय गाठा.

आमच्याकडे पावणेदोन वर्षांत तीन ब्रॅकेट निघाली. एक चोरून खाल्लेल्या चिक्कीनं, एक पेनाचं टोपण चावल्यानं, तिसरं का ते कळलं नाही. चिक्कीचं तिनं आठवडाभर लपवलं, कारण मी रागावेन ही भीती. त्या आठवड्यात दात मागं फिरायला लागला होता. तेव्हापासून आमच्यात ठरलं की काहीही खाऊन मोडलं तरी आधी सांगायचं आणि मी ओरडायचं नाही. मी ते पाळलं.

तारा निघाल्यावरही दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनरची प्लेट घालावी लागते. काढता येणारी प्लेट असेल तर जेवताना ती काढून डबीत ठेवायची, कागदी रुमालात गुंडाळायची नाही. लेकीची पहिली प्लेट लग्नाच्या पंगतीत खरकट्याबरोबर गेली. आता डबी ताटाशेजारी न ठेवता माझ्या पर्समध्ये असते आणि हात धुऊन आली की ती आधी डबी मागते.